साहेबांची वायर शेवटी

आमच्या कचेरीतलं टेलिफोन एक्स्चेंज जिन्याखालच्या खोलीत होतं. खोली आपली म्हणायला. सरळ उभं राहिलं की टाळूला पायरी लागायची. दाराच्या खटक्याच्या कुलपाची आतली मूठ कधीकाळी निखळून पडली होती आणि ती बसवून घेण्याचा प्रस्ताव, इतर सगळ्या प्रस्तावांसारखा, वर गेलेला होता. त्यामुळे आत जाताना दारात वीट लावायची असा दंडक होता. वीट सरकून दार लागलं, तर बाहेरून कुणी उघडेपर्यंत आतच बसायचं. आठ वर्षांत माझ्यावर ती वेळ एकदाच आली, आणि ज्या दिवशी मला त्या कचेरीतून कायमचं बाहेर पडायचं होतं नेमकी त्याच दिवशी आली.

मी तिथं कनिष्ठ लिपिक होतो. फोन सांभाळणं हे माझं काम नव्हतं. नेमणुकीच्या आदेशात त्याचा उल्लेख नाही, कुठल्या परिपत्रकात नाही. पण सरकारी कचेरीत एखादं काम तुम्ही एकदा हौसेनं केलंत की ते जन्माचं तुमच्या गळ्यात पडतं. मी तर ते हौसेनंही केलं नव्हतं. हुशारीनं केलं होतं.

झालं असं की, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा बातमी पसरली, नव्या लिपिकांना लांबच्या तालुक्यांत पाठवणार. बायको तेव्हा इथल्याच एका खासगी शाळेत शिकवत होती, पुंडलिकनगरात भाड्याचं का होईना पण घर लागलं होतं, मुलगी रांगत होती. मला शहर सोडायचं नव्हतं. त्याच सुमारास एकदा लाइट गेली, आली, आणि एक्स्चेंज बंद पडलं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. शहागंजातून एक म्हातारा मेकॅनिक आणला. त्यानं झाकण उघडलं, "ये तो अब अजायबघर में रखने की चीज है साब," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी सहज खटपट करत बसलो आणि मला त्या यंत्राची खोड सापडली.

पेटीला सहा वायरी होत्या, सहा खोल्यांच्या. लाइट जाऊन आली की सगळ्या काढायच्या आणि एकेक करून लावायच्या. एक लावली की तिचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. आणि साहेबांची वायर सगळ्यांत शेवटी. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर एक, सोफ्याजवळ एक आणि मागच्या खोलीत एक असे तीन फोन, शिवाय फॅक्स. तो भार सुरुवातीलाच आला की म्हातारं यंत्र खट्‌ करून बसायचं. आता आमच्या कचेरीत साहेबांचा फोन शेवटी लावायचा, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? चहा आधी साहेबांना, गणपतीचा प्रसाद आधी साहेबांना, मग फोन मागं कसा राहील? जो तो आधी साहेबांची वायर खुपसायचा आणि यंत्र बसलं की कपाळाला हात लावायचा. यंत्राला आधी रेकॉर्डरूम पाहिजे होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. उलट एका दुपारी जिन्याखाली जाऊन वायरींवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. रेकॉर्डरूमची चिठ्ठी साहेबांच्या वायरीवर, साहेबांची लेखा शाखेच्या वायरीवर, अशी सगळी सरमिसळ. कुणी चुकून खालून सुरुवात केलीच, तरी त्याच्या हाताला आधी साहेबच लागावेत. मला स्वतःला चिठ्ठ्यांची गरज नव्हती. भिंतीत ओळीनं सहा खिळे होते, एकेका खिळ्यावर एकेक वायर, आणि पहिल्या खिळ्यापासून सहाव्यापर्यंत क्रमानं लावत जायचं एवढं मला पुरत होतं. पुढं नव्या लिपिकांची यादी निघाली तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. "मग फोनचं कोण बघणार?" असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते म्हणे. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

दोन वर्षांनी बायकोला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, परभणीजवळच्या गावात. असली नोकरी कुणी सोडत नसतं. मुलगी तीन वर्षांची होती, ती आईबरोबर गेली. नवरा-बायकोला एका ठिकाणी आणायची सोय सरकारनं ठेवलेली आहे, पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात तिला. त्याखाली मी अर्ज केला. मग दुसऱ्यांदा केला. सहा वर्षं मी शनिवारी परभणी गाठायचो आणि सोमवारी पहाटे परत फिरायचो. दोन्ही अर्जांच्या वेळी मुलीला सांगून बसलो होतो की आता पप्पा इथंच राहणार. दोन्ही वेळा काही झालं नाही. पुढं पुढं मी दारात आलो की ती "कधी आलात?" म्हणायच्या ऐवजी "कधी जाणार?" असं विचारायला लागली. रागानं नाही हं. पाहुण्याला विचारतात तसं. सोमवारी पहाटे माझी पिशवी तीच दाराशी आणून ठेवायची आणि वर पाण्याची भरलेली बाटली. त्या बाटलीचा मला फार राग यायचा.

तिसऱ्या अर्जावर एकदाचा आदेश आला. त्यात अट होती, अमुक शुक्रवारपर्यंत कार्यमुक्त न झाल्यास बदली रद्द समजावी. साहेबांनी आज करू, उद्या करू करत तो शुक्रवार उजाडेपर्यंत मला लटकवलं. आणि आदल्या संध्याकाळी आमच्या भागातली विजेची डीपी जळाली.

रात्रभर लाइट नव्हती. शुक्रवारी अकराला आली, गेली, पुन्हा आली, आणि कचेरीतले सगळे फोन मुके झाले. मोबाइल आहेत की, असं कुणी म्हणेल. आमच्या इमारतीच्या भिंती हातभर जाडीच्या, दगडी. आत रेंज यायची नाही. मोबाइलवर बोलायचं तर पोर्चमध्ये उभं राहावं लागे, आणि साहेब पोर्चमध्ये उभे राहत नसतात. माझा कार्यमुक्तीचा कागद टाइप होऊन त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

"आधी फोन चालू करा," ते म्हणाले. "आणि त्याचा प्रभार कुणाला तरी देऊन जा. घेणाऱ्याची सही झाली की माझी सही."

मी शाखाशाखांतून भीक मागत फिरलो. एकाला बीपी होतं. एकाला मानेचं दुखणं नेमकं त्याच क्षणी आठवलं. हेडक्लार्कच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते, ते म्हणाले, "बाबा, मला सुखानं घरी जाऊ दे. तुझी गत बघतोय ना मी. त्या फोनला जो चिकटला तो साहेब उठेपर्यंत उठत नाय." ते खरंच होतं. साहेब साडेसातपर्यंत बसत, आणि फोन बघणाऱ्यानं त्यांच्या आधी निघायचं नाही असा पायंडा पडला होता. तो पायंडाही माझ्यापासूनच सुरू झालेला.

मग मी शिपाईताईंना टॉर्च मागितला. त्या नवऱ्याच्या पश्चात त्याच्या जागेवर लागलेल्या, करमाडहून रोज एसटीनं यायच्या. फोन बंद पडला की जिन्याखाली माझ्यामागं टॉर्च धरून उभ्या राहायच्या, मी मागेन ते पुढं करायच्या, एक शब्द न बोलता. "सेल संपले भाऊ, आणते," म्हणून त्या दुकानात गेल्या. मला दम निघेना. दारात वीट लावली आणि मोबाइलच्या उजेडात आत शिरलो.

कचेरीला महिन्यापूर्वीच रंग दिला होता, हे मी विसरलो होतो; तेव्हापासून लाइट गेली नव्हती, त्यामुळे इथं डोकावलोही नव्हतो. उजेड भिंतीवर पडला. खिळे नव्हते. रंगाऱ्यांनी सहाही खिळे उपटून भोकं बुजवली होती आणि सहाही वायरींचा एक जुडगा करून सुतळीनं बांधून टाकला होता. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. प्रत्येकीवर मी स्वतः डकवलेली चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठी खोटी होती.

कोणाची कुणाशी अदलाबदल केली होती ते आठ वर्षांनी काही केल्या आठवेना. इतरांना चकवायला केलेलं मलाच चकवत होतं. अंदाजानं एक लावली, दुसरी लावली, खट्‌! यंत्र बसलं. ते गार व्हायला पाच मिनिटं. पुन्हा लावलं, पुन्हा खट्‌. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा माझा ताबा सुटला आणि मी विटेला लाथ घातली. वीट बाहेर गेली. नव्या रंगानं जड झालेलं दार सावकाश, अगदी सभ्यपणे येऊन लागलं.

दीड वाजला होता. जेवणाची सुट्टी. मी हाका मारल्या, दार बडवलं, आडनावानं, पदानं, शेवटी "अहो कुणी आहे का" म्हणून ओरडलो. डोक्यावरच्या पायऱ्यांवरून एक-दोनदा चपला वाजत गेल्या आणि गेल्या त्या गेल्याच. मोबाइलला रेंज नाही, चार्जिंग नऊ टक्के. खोलीत तपासणीसाठी पेटीला जोडलेला एक जुना फोन तेवढा होता, म्हणजे बाहेर पडायचं तर आधी फोन चालू व्हायला हवेत, आणि फोन चालू करणारा एकटा माणूस आत कोंडलेला. मी त्या रंगाच्या वासात खाली बसलो आणि सांगायला लाज वाटते, पण मला रडू आलं. साहेब जेवून येतील, चार वाजतील, पाच वाजतील, कागद पेपरवेटखाली राहील. मग उद्या परभणीला जाऊन मुलीला तिसऱ्यांदा काय सांगायचं? ती काही म्हणणार नाही, हेच मला सहन होत नव्हतं. बाटली भरून ठेवील.

डोळे पुसून मी सुतळी सोडली आणि वायरी एकेक करून मांडीवर घेतल्या. चाळा म्हणून बोटं फिरवत होतो. टोकापासून वीतभर अंतरावर बोटाला काहीतरी लागलं. उजेड धरला. वायरीला निळा शिवणदोरा बांधलेला होता, खिळे बघून लावताना माझ्या कधी नजरेत न आलेला, आणि त्याला बारीक, घट्ट अशी एक गाठ होती. दुसरी वायर पाहिली, तिच्या दोऱ्याला चार गाठी. तिसरीला दोन. गाठींवर भिंतीच्या रंगाचे शिंतोडे होते, म्हणजे त्या रंगाऱ्यांच्या आधीच्या होत्या. सहाही वायरी ओळीनं मांडून पाहिल्या, एक ते सहा, एकही आकडा चुकलेला नाही.

एक गाठीची वायर लावली. दिवा लुकलुकला आणि हिरवा होऊन थांबला. दोन गाठींची लावली. थांबला. मग तीन, चार, पाच. सगळ्यांत शेवटी सहावी लावली. सहा हिरवे दिवे लागले. फोन उचलून पहिल्या शाखेला केला, वाजत राहिला. दुसरीला, तिसरीला. फोन बंद आहेत हे सगळ्यांना माहीत, आणि सुट्टी. कोण कशाला उचलतंय? साहेबांना मात्र केला नाही. कोंडून मरायची पाळी आली होती, पण जेवणाच्या वेळी साहेबांना फोन करायचा धीर काही झाला नाही. शेवटी पुन्हा रेकॉर्डरूमला लावला आणि चौथ्या घंटीला कुणीतरी उचलला.

"भाऊ का? लागला का फोन?"

ताई होत्या. सेल आणून, मी जागेवर नाही असं बघून, रेकॉर्डरूममध्ये डबा उघडून बसल्या होत्या.

"ताई, मी आत कोंडलोय."

"व्हय? आलेच."

दार उघडलं. उजेड, वारा, आणि ताईंच्या हातात टॉर्च. मी बाहेर आलो नाही. वायर त्यांच्यापुढं धरली.

"या गाठी तुम्ही मारल्या?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "तुमची पोरगी काविळीनं पडली व्हती, तव्हा तुम्ही आठ दिस गेलते ना? मधीच लाइट गेली. साहेब लई तापले. मंग जेवायच्या सुट्टीत म्या लावले. समद्यायला वाटलं, आपोआप आले."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"आता घ्या! टॉर्च कोण धरीत व्हतं इतकी वर्सं?" त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या खोट्या हायेत ते बी ठाव व्हतं. म्हणून तर गाठी मारल्या."

मला मान वर करवेना. माझ्या हातभर मागं उभ्या असलेल्या बाईला डोळे आहेत हे मी आठ वर्षांत लक्षातच घेतलं नव्हतं. लपवायचं ते साहेबांपासून, लिपिकांपासून. टॉर्च धरणाऱ्यापासून कोण लपवतं?

"मग सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं म्हंजे मलाच चिकटलं असतं, भाऊ. माझी साडेपाचची गाडी. घरी सासूला डोळ्यानं दिसत नाय, दिवा लागायच्या आत पोचावं लागतं." आणि मग म्हणाल्या, "साहेबाला नका सांगू."

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की माणूस सापडला. येतं तिला सगळं, शिकवायचीही गरज नाही. सही घ्यायची, साडेपाचची गाडी धरायची, परभणी. ताई टॉर्च दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. माझ्या तोंडावर तो विचार त्यांना दिसला असणार, कारण त्या एक पाऊल मागं सरकल्या.

मी टेबलावरून जाड मार्कर घेतला आणि परत जिन्याखाली गेलो. खोट्या चिठ्ठ्या काढल्या, गाठींच्या हिशोबानं खऱ्या लावल्या. दाराच्या आतल्या बाजूला, कोऱ्या रंगावर, मोठ्या अक्षरात लिहिलं: सगळ्या वायरी काढा. एकेक लावा. हिरवा दिवा थांबला की पुढची. खाली सहा नावं क्रमानं, रेकॉर्डरूमपासून, आणि शेवटी साहेब. त्याखाली लिहिलं, वीट लावा.

अडीचला साहेब आले. त्यांनी फोन उचलून कानाला लावला, आवाज ऐकला आणि चेहरा निवळला. "शाबास. प्रभार कोण घेतंय?"

ताई तेव्हाच पाण्याचा ग्लास ठेवायला आत आल्या होत्या. त्यांनी ग्लास ठेवला, झाकण ठेवलं, आणि तिथंच थबकल्या.

"कुणालाही द्या सर," मी म्हणालो. "शिकवण्यासारखं काही नाही. दारावर लिहून ठेवलंय. वाचता येणाऱ्या कुणालाही जमेल."

"मग आठ वर्षं का नाही लिहिलंत?"

इथं काहीतरी थाप मारता आली असती. पण सकाळपासून खोट्यानं मला इतकं कोंडलं होतं की आणखी एक थाप तोंडातून निघेना. मी चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं. बदली चुकवायला केलं हेही सांगितलं. आता हे कागद फाडतात की काय, म्हणून पेपरवेटकडे बघत उभा राहिलो.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला, थोडं चाळलं आणि दोन कागद माझ्यापुढं टाकले. माझेच अर्ज. पहिला आणि दुसरा.

"हे मी वर पाठवलेच नव्हते," ते म्हणाले. "तुम्ही गेलात तर फोनचं अडेल म्हणून. तिसऱ्या वेळी तुम्ही एक प्रत थेट वर दिलीत, म्हणून झालं."

त्यांच्या आवाजात शरम नव्हती, कुत्सितपणाही नव्हता. कचेरीची सोय त्यांनी पाहिली होती. त्यांच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं. मुलीला दोनदा दिलेला शब्द इतकी वर्षं या खणात पडून होता, आणि तो तिथं पडून राहावा याची तजवीज ती रांगत असतानाच मी करून ठेवली होती. पेढे वाटून.

हेडक्लार्कना बोलावलं. ते चष्मा लावून जिन्याखाली वाकले आणि दार मोठ्यानं वाचायला लागले. "पाच, लेखा. सहा, साहेब. साहेब शेवटी? एवढंच? ह्याच्यासाठी आम्हाला भेव दाखवलं व्हय रे तू?" हसत हसत त्यांनी प्रभाराच्या कागदावर सही ठोकली. "आन् हे समद्यायला जमतंय, मग साहेब उठेपर्यंत कुणी बसायची बी गरज नाय." चार वाजता माझ्या कागदावर साहेबांची सही झाली. मध्यान्होत्तर कार्यमुक्त.

साडेपाचच्या गाडीत ताई माझ्या शेजारच्या बाकावर होत्या. चिकलठाणा गेलं, शेंद्रा गेलं. करमाड जवळ आलं तशा त्या उठल्या आणि दांडीला धरून म्हणाल्या, "गाठी सोडल्या का?"

"नाही. तशाच आहेत."

"ऱ्हाऊ द्या. चिठ्ठ्यांचा काय भरवसा?" आणि उतरल्या. उजेड होता अजून.

मी परभणीला पोहोचलो तेव्हा मुलगी झोपली होती. सकाळी उठल्यावर तिनं डोळे चोळत नेहमीचं विचारलं, "कधी जाणार?" मी म्हणालो, "आता नाही जाणार. इथंच नोकरी." ती "बरं" म्हणाली आणि दात घासायला गेली.

सोमवारी जाग आली तेव्हा अजून फटफटायचं होतं. दाराशी माझी पिशवी होती आणि वर बाटली, काठोकाठ भरलेली. मुलगी शेजारी भिंतीला टेकून, पेंगत उभी होती. मी पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि कपाटात ठेवून दार लावलं.

"पप्पा, गाडी चुकेल ना," ती म्हणाली, आणि पिशवी परत आणायला आत गेली.